शहागड नावाचं टेबल

मी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत डेटाबेस सांभाळायला रुजू झाले, तेव्हा माझ्या डोक्यात नियमांचं वारं भरलेलं. नाव वाचलं की आत काय आहे ते कळलं पाहिजे, हा माझा हट्ट. आणि इथे बियाण्याच्या उगवण चाचण्यांच्या टेबलाचं, म्हणजे नोंदींच्या तक्त्याचं, नाव ‘शहागड’, तक्रारींच्या टेबलाचं ‘पिंपळगाव’. मी कपाळाला हात लावला.

ही नावं ऑफिसातल्या काकांनी दिलेली. टायपिंग करता करता कॉम्प्युटर शिकलेला माणूस. निवृत्तीनंतर दरवर्षी त्यांचा करार वाढायचा. चाचणीचा पहिला नमुना शहागडहून आला होता, म्हणून ते टेबल शहागड. त्यांना तेवढं पुरे होतं.

एका शनिवारी मी सगळी नावं नियमाप्रमाणे बदलून टाकली. काकांना सांगायचं राहिलं. खरं म्हणजे, सांगावंसं वाटलंच नाही.

सोमवारी मोठे साहेब आले. काकांचा करार वाढवायचा की नाही, ते त्याच दिवशी ठरणार होतं. बाहेर बियाण्याचा टेम्पो भरून उभा होता. साहेबांनी त्यातल्या लॉटची उगवण विचारली. एरवी काका मिनिटभरात आकडा सांगत. त्यांनी शहागड टाइप केलं. असं टेबल नाही, असं स्क्रीनवर आलं. त्यांनी चष्मा पुसून एकेक अक्षर बघत पुन्हा टाइप केलं.

“जमत नाही का आता?” साहेबांनी विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं.

“नावं बदलल्यात साहेब. मी शिकून घेतली न्हाई. माझीच चूक हाय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “मी त्यांना न सांगता बदलली,” मी कसंबसं म्हणाले, आणि आकडा काढून दिला. साहेबांनी सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली. काकांचा करार वाढला, तेव्हा कुठे मला जेवण गेलं.

दुपारी मी जुनी नावंही नव्यांच्या जोडीला चालू करून दिली. शहागड टाइप केलं तरी त्याच टेबलात पोचता येईल, असं काकांना सांगितलं. त्यांनी वही पुढे केली.

“ऱ्हाऊ द्या मॅडम. तुमची नवी नावं बराबर लिहून द्या. मी गेल्यावर शहागड कुणाला कळायचं?”

त्या दिवसापासून ते वहीत बघून ते लांबलचक नवं नाव टाइप करत राहिले. शहागड आता फक्त मी वापरते.