थरथरती नजर आणि हरवलेली नथ

कोतवालीची नोकरी सोडून बराच काळ लोटला. चोर-भामट्यांचे चेहरे एकमेकांत मिसळून गेले. पण बुधवार पेठेतल्या त्या सोनाराची हकिकत अजून जशीच्या तशी आठवते.

एका दुपारी त्याचा शेजारी चावडीवर खबर घेऊन आला. "सोनार नदीकाठी दारू पिऊन पडलाय. गिऱ्हाइकाची नथ पोचवायला निघाला होता, ती जवळ नाही."

प्याद्यांनी त्याला धरून आणलं. धड उभं राहता येईना, ओकाऱ्या होत होत्या आणि दोन्ही बुबुळं सारखी एका बाजूला झटके घेत होती. नथीचं विचारलं, तर "आठवत नाही" एवढंच.

"नजर ठरत नाही, म्हणजे चोरच," हवालदार म्हणाला. चोरी शाबीत झाली असती, तर शिक्षा म्हणून कारागिराचा हात तोडला गेला असता.

तेवढ्यात त्याची बायको आली. "अहो, सकाळी जेवून निघाले तेव्हा डोळे चांगले होते. आपण तोंडाचा वास तरी घेतलात का?"

मी घेतला. दारूचा मागमूस नव्हता. तिने नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी स्थिर धरलं. बुबुळं जरा थांबली. मान हलली की पुन्हा झटके सुरू.

मी वैद्यांना बोलावलं. ते म्हणाले, "काहींचे डोळे जन्मापासून असे हलतात. काहींचे नशेनं, कानाच्या दुखण्यानं किंवा डोक्याच्या मारानं. याचं आजचंच आहे." त्यांनी केस चाचपले. कानामागे मोठं टेंगूळ होतं.

दोन प्यादे घेऊन मी स्वतः नदीच्या घाटावर गेलो. तिथल्या फुलवालीला विचारलं.

"शेवाळावरून घसरले, डोकं आपटलं, तसेच झोकांड्या खात गेले," ती म्हणाली आणि पदराची गाठ सोडून नथ काढली. "त्यांच्या घरी द्यायची म्हणून ठेवली."

"चावडीवर का नाही आणलीस?"

"चावडीत गेलेली वस्तू बाहेर येते का, ते ठाऊक नव्हतं."

प्यादे खाली बघू लागले. मला हसू आवरेना.

सोनाराला त्याच दिवशी सोडलं. त्याला काही दिवस एकाचे दोन दिसत, म्हणून बायको रोज कोपराला धरून त्याला अंगणात चालवी. बरा झाल्यावर दोघं पेढे घेऊन आली.

"आता एकच बायको दिसते," तो म्हणाला.

"तेवढी पुरे आहे," ती म्हणाली.

त्यानंतर कोणाची नजर ठरत नसली, की जबानीआधी मी त्याच्या घरी माणूस धाडत असे. हा काल कसा होता, ते घरच्यांनाच ठाऊक असतं.