बाझीलच्या उभ्या बाटल्या

बाझील माझा धाकटा भाऊ. सख्खा. फ्रान्समधल्या आर्ब्वा गावात आमची दोन घरं एकाच भिंतीला टेकून उभी आहेत. त्याच्यात जे काही चांगलं आहे ते माझ्याकडून गेलंय, बाकीचं त्यानं पोस्टात उचललं. छत्तीस वर्षं पोस्टमन होता. माझ्यापेक्षा चार वर्षं जास्त शिकला, पण त्या शिक्षणाचं तळघरात काय झालं ते ऐकाच.

त्याच्या तळघरात वाइनच्या सात खास बाटल्या होत्या. प्रत्येकीच्या गळ्यात दोरा, दोऱ्याला पुठ्ठ्याचं लेबल आणि त्यावर बाझीलच्या गोलगोल अक्षरात लिहिलेलं, ही कधी उघडायची ते. एक पन्नाशीची, एक निवृत्तीची, एक लग्नाच्या चाळीस वर्षांची, असं. पण दिवस उजाडला की बाझीलला तो दिवसच बाटलीच्या लायकीचा वाटायचा नाही. पन्नाशीला पाऊस लागला. निवृत्तीच्या समारंभात साहेबानं भाषणात त्याचं नाव चुकवलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा ओडेतला, म्हणजे त्याच्या बायकोला, सर्दी झाली.

"सर्दीच्या नाकाला बोर्दोची वाइन पाजू?" म्हणाला, आणि बाटली परत खाली.

खाली, आणि उभी. हे महत्त्वाचं आहे. आमच्या भागात पिवळी वाइन होते. सहा वर्षं पिंपात, वरून एका थेंबाचीही भर न घालता. जगात कुठंही जा, तिच्यासारखी नाही, आणि हे मी सांगतोय, ज्यानं चाळीस वर्षं द्राक्षमळ्यात घालवली. ती बुटक्या, रुंद खांद्यांच्या बाटलीत भरतात आणि ती बाटली उभी ठेवतात. तिला काही होत नाही. पण बाझीलच्या सातांतल्या सहा बाहेरच्या, बोर्दोच्या आणि बुर्गोन्यच्या. त्यांना आडवं ठेवावं लागतं, नाहीतर बूच सुकतं आणि हवा आत शिरते. मी त्याला शंभरदा सांगितलं.

"दादा, त्या आपल्या घरात आल्यात. आपल्या रीतीनं राहतील."

सातवी मात्र आमचीच, पिवळी, शहाऐंशी सालची. त्याच साली त्याची सोलेन जन्मली. लेबलावर लिहिलेलं: 'सोलेनच्या लग्नाला'. आता सोलेन चौतिशीची. बेझांसों शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नर्स आहे, आणि नऊ वर्षं ब्रिटनी प्रांतातल्या यान नावाच्या पोराबरोबर राहते, लग्नबिग्न न करता. यान शहरातली बस चालवतो आणि सफरचंदाची दारू पितो. बाझीलनं त्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. 'तो ड्रायव्हर', बस्स. मागच्या नाताळात यान जेवताना हसत म्हणाला, "बाबा, ती बाटली आता उघडूनच टाकू या का? आम्ही काही लग्न करणार नाही." बाझील उठला, तळघराला कुलूप लावून आला आणि किल्ली खिशात घालून पुन्हा जेवायला बसला. सोलेननं कोट घातला. त्यानंतर बापलेकीचं बोलणं बंद.

मग दोन हजार वीसचा, कोरोनाचा वसंत आला. सगळं बंद. घराबाहेर पडायचं तर एक फॉर्म भरायचा, त्यावर आपणच आपल्याला परवानगी द्यायची आणि खाली आपणच सही करायची. हे असलं फक्त आमच्या देशाला सुचू शकतं. एप्रिलमध्ये आमच्या गल्लीतले नोटरी गेले. बाझील परसातल्या भिंतीवरून डोकावला, पांढराफटक.

"दादा, चारशे बाटल्या होत्या त्यांच्याकडे! चारशे! आणि शेवटी काय प्यायले? सलाइन!"

"मग तू कसली वाट बघतोयस?"

"आजपासून रोज एक," बाझील म्हणाला. "उद्याचं कुणी बघितलंय?"

संध्याकाळी त्यानं लग्नातला सूट चढवला. बटणं लागेनात, ती तशीच सोडली. चांगले ग्लास काढले, पन्नाशीची बाटली उघडली, वास घेतला, आणि बाटली हळूच खाली ठेवली.

"काय झालं?" ओडेतनं विचारलं.

"जरा श्वास घेऊ दे तिला."

"तिनं घेतलाय तेवढा पुरे. व्हिनेगर झालंय त्याचं."

"जुनी वाइन अशीच असते. तुला काय कळतंय?" असं म्हणून बाझील अख्खा ग्लास प्यायला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ओडेतनं आपला ग्लास शांतपणे सॅलडच्या पानांवर ओतला.

दुसऱ्या दिवशी निवृत्ती नासली. तिसऱ्या दिवशी लग्नाची चाळीस वर्षं. आठवड्याच्या आत सहाही बाटल्यांचं तेच. "भाऊजी, येता का सॅलड खायला?" ओडेत रोज भिंतीपलीकडून हाक मारायची, "आज तुमच्या भावाची साठी आहे!" मी एकदाही म्हणालो नाही की मी सांगितलं होतं. फक्त रोज संध्याकाळी भिंतीपाशी उभा राहून किती वास येतोय तेवढं विचारायचो.

सातवीला मात्र त्यानं हात लावला नाही. "ती लग्नाची आहे," म्हणाला. पण मी त्याला लहानपणापासून ओळखतो. खरं कारण वेगळं होतं. सोलेनची बदली कोरोनाच्या वॉर्डात झाली होती. ही बातमी ओडेतला फोनवर कळली आणि बाझीलला दाराआडून. एकाच तळघरात, एकाच हातानं ठेवलेल्या सात बाटल्या, त्यांतल्या सहा गेल्या. ही पण गेली असेल तर? वाइनचं एवढं नव्हतं. पण त्याच्या डोक्यात ती बाटली आणि ती पोरगी एकच होऊन बसली होती, आणि न उघडलेल्या बाटलीत सगळं ठीक असतं.

तेव्हा रोज संध्याकाळी आठ वाजता सगळा देश खिडकीत येऊन नर्सांसाठी टाळ्या वाजवायचा. बाझील तर पातेलं बडवायचा. गल्लीत सगळ्यात मोठा आवाज त्याचाच. एके दिवशी ओडेतनं त्याच्या हातातून डाव काढून घेतला.

"बस कर. सगळ्या फ्रान्सच्या पोरींसाठी पातेली बडवतोस, आणि स्वतःच्या पोरीला फोन करायला तुझा हात दुखतो?"

बाझीलनं पातेलं खाली ठेवलं. किल्ली काढली आणि खाली गेला. उलट्या खोक्यावर बसून त्यानं बाटली मांडीवर घेतली. बूच अर्ध्यात तुटलं. उरलेलं त्यानं सुरीनं कोरून काढलं, डोळे मिटले आणि नाक जवळ नेलं.

अक्रोड. ताजे फोडलेले अक्रोड, आणि त्यामागे भाजलेली मेथी. चौतीस वर्षांत एवढंसुद्धा बिघडलं नव्हतं.

तो वर आला तेव्हा बाटली छातीशी धरून पोरासारखा रडत होता. एक ग्लास ओडेतला दिला, एक भिंतीवर माझ्यासाठी ठेवला. मी घोट घेतला. तुम्हाला सांगतो, राजेसुद्धा असली प्यायले नसतील.

"बिघडली नाही, दादा."

"पिवळी आहे. बिघडेल कशी?" मी म्हणालो. बाटली मात्र अर्ध्याहून जास्त भरलेली होती, आणि त्यानं स्वतःला ओतलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यानं फॉर्म भरला, बाटलीला दुसरं बूच लावलं, शेजारच्या सीटवर उभी ठेवून तिला पट्टा बांधला आणि निघाला. बेझांसोंच्या अलीकडे पोलिसानं अडवलं. फॉर्म वाचला.

"अडचणीतल्या माणसाला मदत. कोण आहे अडचणीत?"

बाझीलनं थोडा विचार केला. "मीच," म्हणाला.

पोलिसानं त्याच्याकडे पाहिलं, पट्टा बांधलेल्या बाटलीकडे पाहिलं, आणि हातानं जा म्हणाला.

बेल वाजवल्यावर यान इमारतीच्या दारात आला, पायजम्यावर, केस विस्कटलेले. बाझीलनं बाटली दारासमोरच्या बाकावर ठेवली आणि चार पावलं मागे सरकला.

"रात्रपाळी करून आलीय," यान हळूच म्हणाला. "नुकतीच पडलीय."

"उठवू नकोस. उठली की दे. फ्रिजमध्ये घालू नकोस, शपथ आहे तुला. आणि..." बाझीलनं बाटलीकडे बोट दाखवलं. "आणि तूही घे, यान."

याननं बाटली दोन्ही हातांनी उचलली. तेवढ्यात वर तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. सोलेन. गालांवर मास्कचे लाल वळ, डोळे सुजलेले. नाताळपासून बाझीलनं तिला पाहिलं नव्हतं. गाडीत तासभर काय बोलायचं ते घोकत आला होता, त्यातला एक शब्द आठवेना.

"जेवलीस का?" तो खालून ओरडला.

"बाबा," ती खिडकीतून म्हणाली, "सकाळचे आठ वाजलेत!"