पहिली पाळी हरलेल्याची

पोपटराव मला कधी फोन करत नाहीत. माझ्या बहिणीचे ते धाकटे दीर. लग्नकार्यात गाठ पडली की रामराम, त्यापलीकडं काही नाही. त्यामुळे दसऱ्याच्या आधी एका सकाळी मोबाईलवर त्यांचं नाव दिसलं तेव्हा मला वाटलं, यांची विहिरीवरची मोटार जळाली असणार. शिरूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि मोटार जळाल्याशिवाय माणसांना माझी आठवण होत नाही. मी आपलं म्हणालो, "दुपारपर्यंत घेऊन या." ते म्हणाले, "दादा गेला. या."

न्हावरा, चौफुला, यवत करत मी कासुर्डीजवळच्या त्यांच्या वस्तीवर पोचलो, तोवर माणसं जमली होती. शेवंतीची तोडणी चालू होती. दाजींनी फुलांची पाटी डोक्यावरून उतरवली, "जरा टेकतो" म्हणाले आणि विहिरीच्या कडेला टेकले ते टेकलेच. आजार नाही, दुखणं नाही. ताई मला पाहून रडली नाही. म्हणाली, "अरे, समीरला सांगितलंय, पण विमान कवा मिळंल काय म्हाईत." समीर माझा भाचा, त्यांचा एकुलता एक, मेलबर्नला असतो. तो आला, सगळं झालं, परतही गेला. दिवस उलटले. पण मला मात्र अजून दुकानात कुणी खाकरलं की वाटतं, आता पुढं "ऐका, मेव्हणं" येणार. दाजींचा व्हॉट्सअॅपवरचा प्रत्येक आवाजी निरोप असाच सुरू व्हायचा. आधी खाकरणं, मग "ऐका, मेव्हणं", आणि मग ऑस्ट्रेलियातल्या कुठल्यातरी पोराची चौकशी.

हे वाचून कुणाला हसू आलं तर मी समजू शकतो, मीही पुष्कळ हसलोय. पायजमा-टोपीतल्या माझ्या दाजींना ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं वेड होतं. चेंडू लांबट, मैदान क्रिकेटचं, पायानं मारायचा तसा हातानंही ठोसायचा, आणि सगळे गडी बिनबाह्यांच्या बनियनवर. समीरला मुलगी झाली तेव्हा ताई बाळंतपणाला गेली आणि दाजी तिच्याबरोबर गेले. ताईला तिथं उसंत नव्हती आणि दाजींना काम नव्हतं. शेतकरी माणसाला काम नसलं की तो दुसऱ्याच्या बांधावर जाऊन उभा राहतो. दाजी शेजारच्या केविन नावाच्या म्हाताऱ्याच्या गॅरेजात जाऊन उभे राहिले. तिथं संध्याकाळी त्याच क्लबची वेडी माणसं जमायची आणि भांडायची. इंग्रजी येत नसल्यानं दाजींना फक्त हातवारे कळायचे, पण भांडण कशावरून चाललंय हे ओळखायला भाषा कशाला लागते! ते समीरला म्हणाले, "ही माणसं बैल बघायला चाललीत का रं?" समीर हसला आणि म्हणाला, "आप्पा, जवळपास तसंच."

त्यानं समजावून सांगितलं ते असं. दरवर्षी मोसम संपला की सतरा-अठरा वर्षांची नवी पोरं क्लबांनी वाटून घ्यायची. पैसेवाल्यानं उठावं आणि चांगली पोरं उचलावीत, असं चालत नाही. जो संघ सगळ्यात जास्त हरला, त्याला पहिली निवड. मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. जिंकलेला सगळ्यात शेवटी. केविनचा क्लब त्या वर्षी तळाला होता, म्हणून तर गॅरेजात एवढा उत्साह. दाजींनी हे पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. जेवताना विचारलं, नातीला पाळण्यात हलवताना विचारलं. हरलेल्याला पहिला घास, आणि ह्यावर कुणी दंगा करत नाही, हे त्यांच्या पचनीच पडेना.

परत आल्यावर आमचा ग्रुप झाला. समीर, दाजी, मी आणि पुढं नावाला पोपटरावही. शनिवारी आपल्याकडं सकाळीच सामना लागतो. ताई भाकरी करायची आणि दाजी फोन मिठाच्या बरणीला टेकवून चुलीपुढंच बसायचे. पण सामन्यापेक्षा त्यांचा जीव त्या नव्या पोरांत. नावं उच्चारता येत नव्हती म्हणून त्यांनी स्वतःच बारसं घातलं होतं. मेंढरांच्या फार्मवरचा एक धिप्पाड, संथ पोरगा होता, तो 'मेंढीवाला'. शहरातला एक चपळ, पण अंगावर कुणी आलं की चेंडू टाकून देणारा, तो 'पळपुट्या'. यंदा केविनच्या, म्हणजे आता आमच्याही, क्लबनं ह्या दोघांतला कुठला घ्यावा, यावर उन्हाळ्यापासून आमची जुंपली होती. समीर आणि मी पळपुट्याच्या बाजूनं. मेंढीवाल्याचा गुडघा दुखावलेला, सगळं वर्ष बसून काढलेलं.

"ऐका, मेव्हणं," दाजी म्हणायचे. "गुडघा बसंल. खोंड आणला की दुसऱ्या दिवशी नांगराला जुपता व्हय तुम्ही? दोन वर्सं खाऊ घाला."

"दाजी, दोन वर्षं त्याला सांभाळायचं कुणी?"

"क्लबानं! मंग क्लब कशाला म्हणायचं त्याला? आन् त्याची आई बघितली का फोटोत? हाडापेरानं कशी हाय! पोरगं आईवर गेलंय."

मी त्यांना म्हणायचो, तुम्ही निवड करताय का सोयरीक. ते म्हणायचे, दोन्हींत फरक काय. भांडणात त्यांना हरवणं अवघड होतं, कारण हरतोय असं दिसलं की ते "लाईट आली" म्हणून फोन ठेवायचे.

पण ह्या खेळातली एक गोष्ट त्यांनी खेळ म्हणून घेतली नाही, आणि तेच मला सांगायचं आहे. दाजी आणि पोपटराव यांची विहीर सामाईक, मोटार एक, आणि पाणी पाळीनं. पावसाळा सरला की पाळी सुरू व्हायची, ती थोरल्यापासून. बापाच्या वेळेपासून हीच रीत. थोरल्याचं रान भिजेपर्यंत दोन-तीन दिवस जायचे, मध्येच लाईटचं वेळापत्रक बदलायचं, आणि धाकट्याच्या वाट्याला पाणी यायचं ते रोपं माना टाकायला लागल्यावर. याच्यावरून दोघांत उघड भांडण कधी झालं नाही. नुसतं बोलणं कमी होत गेलं. एकाच अंगणातून दोघे जात-येत, पण निरोप बायकांच्या तोंडी. ऑस्ट्रेलियाहून आल्यावर पहिल्याच पाळीला दाजी आपण होऊन पोपटरावांच्या दारात गेले आणि म्हणाले, "हितनं पुढं ज्याचं आदल्या हंगामात जास्त गेलं, त्याची पाळी पहिली. थोरला-धाकटा न्हाई." पोपटरावांना वाटलं, ह्यात काहीतरी डाव आहे. कित्येक दिवस ते बायकोला विचारत होते म्हणे, "दादाला तिकडं काय खायला घातलं?" पण रीत बसली. दोघे भाऊ हंगामाच्या शेवटी बांधावर उभे राहून कुणाचं किती गेलं यावर वाद घालायला लागले आणि वाद घालता घालता बोलायला लागले. पोपटराव ग्रुपवर आले ते त्यानंतरच.

गेल्या वर्षी निवडीच्या तोंडावर तिकडं एका क्लबबद्दल कुजबूज झाली की पहिली निवड मिळावी म्हणून ते मुद्दाम हरले. मी खवळलो. म्हटलं, असल्यांना हाकलून द्या. समीरही तेच म्हणाला. पोपटराव काहीच बोलले नाहीत, आणि नवल म्हणजे दाजीही... एरवी एका पोराच्या गुडघ्यावर तासभर बोलणारा माणूस. शेवटी एवढंच म्हणाले, "असंल कायतरी अडचण." मला त्यांचा राग आला होता. आता कळतं, त्या वेळी ते माझ्याशी बोलत नव्हते.

तर यंदाच्या निवडीच्या दिवशी समीरचा फोन आला. "मामा, आईकडं जा ना. आप्पा असते तर आपण सगळे बघितलंच असतं." आपल्याकडं ते दुपारी लागतं. मी सकाळीच निघालो. वस्तीवर उतरलो आणि आधी रान दिसलं. ताईच्या शेवंतीची पानं लोंबत होती. पोपटरावांची कांद्याची नवी लागण पिवळी पडली होती. विहिरीला पाणी होतं, दिवसाची लाईट होती, मोटार माझ्याच हातची, चांगली होती. मी ताईला विचारलं, तर म्हणाली, "भावजी पाळी घेत न्हाईत."

यंदा परतीच्या पावसानं पोपटरावांचा सगळा कांदा शेतातच सडला होता. ताईची शेवंती मात्र दसऱ्या-दिवाळीला चांगल्या भावानं विकली गेली. म्हणजे दाजींच्या रितीनं पहिली पाळी पोपटरावांची, त्यात वादच नाही. पण ते म्हणत होते वहिनींची. ताई म्हणत होती भावजींची. दोघेही आपापल्या जागी घट्ट, आणि मध्ये रान वाळत होतं. दीर-भावजयीचं पूर्वीसारखं निरोपावर येईल, मग विहीर वाटून मागायची वेळ येईल, ही ताईची भीती. "त्यांनी एवढं जुळवलं," ती म्हणाली, "आन् त्यांच्या माघारी पहिल्याच पाळीला..." आणि दाजींचा फोन पुसत बसली.

दुपारी समीर फोनच्या पडद्यावर आला, मागं त्याचा टीव्ही चालू. ताईनं फोन बरणीला टेकवला. पोपटरावही येऊन उंबऱ्याशी बसले. आम्ही तिघंही अशी बसलो होतो की चुलीसमोरची जागा मोकळी राहिली. कुणी ठरवलं नव्हतं. एकेक नाव पुकारलं जात होतं आणि प्रत्येक नावाला मला दाजी ऐकू येत होते... ह्याची मान बगा, ह्याचा बाप कुठं हाय, ह्याला घिऊ नका. आमच्या क्लबची पाळी आली आणि त्यांनी मेंढीवाल्याला घेतला. दुखऱ्या गुडघ्याच्या मेंढीवाल्याला! दाजी खरे ठरले होते. समीर "आप्पा" एवढंच म्हणाला आणि पडद्यावरून बाजूला झाला. आम्ही हरलो होतो आणि जिंकलेला माणूसच हजर नव्हता. टाळ्या तिकडं वाजत होत्या.

मग पोपटराव एकदम म्हणाले, "गेल्या साली मी खोटं बोललो हुतो."

ताईनं वर बघितलं.

"बाजरी गेली म्हणलो. गेली नव्हती, वहिनी. पहिलं पाणी पायजे हुतं म्हणून बोललो. दादानं दिलं. यंदा खरंच गेलंय माझं, पर आता कुठल्या तोंडानं म्हणू? आन् तुमचं तर..." त्यांनी चुलीपुढच्या मोकळ्या जागेकडं बघितलं. "तुमचं समद्यात जास्त गेलं."

"माणूस पाळीत धरत न्हाईत, भावजी," ताई म्हणाली. मग म्हणाली, "त्यांना ठावं हुतं. तुमची बाजरी रस्त्यावरनं दिसत हुती की."

पोपटरावांचा चेहरा मला बघवला नाही. "मंग बोलला का न्हाई?"

"मी बी इचारलं हुतं. तर म्हणले, थोरला म्हणून मी जल्मभर पहिलं पाणी घेतलं, ते तरी कुठं खरं हुतं?"

पोपटराव उठले आणि बाहेर गेले. मी रात्री तिथंच राहिलो.

सकाळी लाईट आली तसे आम्ही विहिरीवर गेलो. पोपटराव आधीच तिथं होते. त्यांनी ताईच्या रानाकडचा व्हॉल्व्ह उघडला. ताई पलीकडं गेली आणि तिनं त्यांच्या रानाकडचा उघडला. मी स्टार्टर दाबला. पाणी दोन्हीकडं निघालं, निम्मं निम्मं, बारीक. असं कधी करत नाहीत. एका मोटारीचं पाणी दोन्हीकडं सोडलं की ते वाटेतच मुरतं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. तीस वर्षं मोटारींत घालवलेला मी तिथं उभा होतो, आणि एक व्हॉल्व्ह बंद करायला माझाही हात गेला नाही. कोणता बंद करणार? ताई तिच्या बांधावर बसली, पोपटराव त्यांच्या. दोघांचीही पाठ विहिरीकडं नव्हती. मला माहीत आहे ते कशाची वाट बघत होते, कारण मीही तीच बघत होतो... आत्ता कुणीतरी खाकरेल आणि ओरडेल, "अरं, काय लावलंय हे? एक बंद करा!"

सगळा दिवस मोटार चालली. दुपारी भाकरी ताईनं बांधावरच आणली आणि पोपटरावांनी ती तिच्या हातून घेतली. चार वाजता लाईट गेली तेव्हा पाणी दोन्ही रानांत शेवटच्या सऱ्यांच्या अलीकडंच थांबलेलं होतं.