गुराखी पाहायला रायपूरला

रायपूरला गाडी वेळेवर पोचली, याबद्दल मी रेल्वेवर नाराज आहे. नागपूरहून निघताना दोन तास उशीर गृहीत धरून डबा बांधून घेतला होता आणि तक्रारीची वाक्यं मनात घोटून ठेवली होती. डबा राहिला, वाक्यंही राहिली. प्रवाशाच्या पूर्वतयारीचा असा अवमान कुठल्याही खात्याने करू नये.

जाण्याचं कारण गाई. कळमेश्वरजवळ आमचं थोडं शेत आहे, चार गवळाऊ गाई आहेत, आणि दिवाळीपासून गुराखी नाही. रायपूरला माझा मावसभाऊ शरद पशुवैद्य आहे. त्याचा फोन आला.

"माणूस भेटला. गाईकडे नुसतं पाहून ताप सांगते. फक्त पुढच्या महिन्यापर्यंत रिकामा नाही."

"सध्या कुठे असतो?"

"जेलमध्ये."

घरी सांगितलं, कारागृहातल्या पर्यावरणाच्या उपक्रमांवर लेख लिहायला चाललो आहे. हे खोटं नव्हतं. अर्धं होतं.

जाणाऱ्यांसाठी: स्टेशनातून गुढियारीच्या बाजूने बाहेर पडा. शेअर ऑटोवाला वीस रुपये घेतो आणि मांडीवर दुसऱ्याची पिशवी देतो. सकाळी चौकात तांदळाचा वाफवलेला फरा मिळतो, टमाटरच्या चटणीसोबत. दोन प्लेट घ्या, पहिली चव कळेपर्यंत संपते. पुढे उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांमधून गाडी जाते तेव्हा काच वर ठेवा. मी ठेवली नव्हती, त्यामुळे दुपारपर्यंत दातांखाली लोखंड होतं.

शरद आठवड्यातून एकदा ज्या कारागृहात गाई तपासायला जातो, त्याचं नाव मी इथे देत नाही. परवानगीचं पत्र आधी काढावं लागतं. मुक्कामाची परवानगी फक्त कोर्ट देतं. दारात फोन आणि पेन जमा केलं. बातमीदाराकडे त्यानंतर उरतं ते पोट.

कारागृहाच्या गोशाळेतल्या बहुतेक गाई नव्या रायपूरच्या. तिथे रस्ते आधी आले, माणसं सावकाश येताहेत. मधल्या काळात त्या रुंद रस्त्यांचा ताबा गाईंनी घेतला. ज्यांना गाड्यांनी उडवलं, त्या इथे येतात. गुन्हा रस्त्यात बसण्याचा, शिक्षा जन्मठेपेची. त्यांच्या शेणाच्या गॅसवर कैद्यांची डाळ शिजते, उरलेला गाळ भाजीच्या वाफ्यांना जातो, भाजीची सालं पुन्हा गाईंना. "यहाँ कुछ फेंका नहीं जाता, साहब," सोबतचा शिपाई अभिमानाने म्हणाला. शेणासाठी 'गोमय' हा शब्द मी संस्कृत पाठशाळेत फार आदराने पाठ केला होता. शब्दाला वास नव्हता.

शरदने फोनवर सांगितलेला माणूस म्हणजे समारू. पन्नाशीचा, गोंदियाकडचा, त्यामुळे मराठी बोलणारा. शरद एका गाईच्या मोडक्या पायाची पट्टी बदलत होता. "धर दोर, तुले बी काही काम," म्हणून त्याने मला जुंपलं. मी पांडित्याला शोभेल अशा चुकीच्या जागी उभा राहिलो. गाईने लाथ झाडली. ती माझ्या गुडघ्यावर बसायची, ती समारूने मध्ये येऊन मांडीवर घेतली आणि गाईलाच दटावलं, "काहून वं? पाहुणे हायेत ते."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तिच्या मांगं नोका उभे राहू, साहेब. तिले दिसत नाही ना कोन आहे ते."

मांडी चोळत त्याने माझ्या गाईंची नावं विचारली. मी सांगितली. त्याने एकदा म्हणून पाहिली, क्रमाने.

"आत कशामुळे?" मी विचारलं.

"बांधावरून भांडन. हातात कुऱ्हाड होती. शेजारी मेला." हे त्याने पट्टी गुंडाळत, त्याच आवाजात सांगितलं. "आता सुटून राहिलो, तं भाऊ म्हनते, गावात येऊ नको. तुम्ही बोलावसान तं येतो."

"घरी विचारून कळवतो," मी म्हणालो.

"हव," तो म्हणाला. हा होकार गोंदियाकडे आणि छत्तीसगढमध्ये सारखाच.

परतताना शरद म्हणाला, "घरी विचारून म्हंजे नाही काय?"

"म्हणजे घरी विचारून."

"लेखात त्याले सुधरला लिहिशीन अन् घरी नेशीन नाही. पक्का पेपरवाला आहेस बे!"

आमच्या शेतालाही बांध आहे. पलीकडचा शेतकरी दर पावसाळ्यात वीतभर अलीकडे सरकतो आणि शिव्या चांगल्या देतो.

घरी आल्यावर बायकोला गॅस सांगितला, खत सांगितलं, फरा दोनदा सांगितला. समारूचं नाव काढलं नाही. ती म्हणाली, "तिथल्या गाईंना माणसं आहेत, आपल्यांना कधी मिळणार?" मी म्हटलं, बघतोय.

लेख छापून आला. माणूस बदलतो, असं मी त्यात ठामपणे लिहिलं आहे, आणि लिहिताना मला ते पटलंही होतं. तरी तो आमच्या शेतावर राहणार या विचाराने मला भीती वाटते. त्याला नाही म्हणायचीही भीती वाटते, कारण तो सुटेल तेव्हा त्याला दुसरीकडे जायला जागा नाही. सुटकेच्या दिवशी शरदचा फोन येईल. मी तो वाजू देईन आणि नंतर, कामात होतो, म्हणेन, अशी मला काळजी वाटते.