ऑर्गनच्या भात्याचं प्रकरण

आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. भंडाऱ्याकडून निघून मी वाघोडियाच्या एका कारखान्यात लागलो, तो कारखाना बंद पडला, आणि मग बडोद्यात पाणीगेटजवळच्या एका लहानशा मराठी वाचनालयानं मला शिपाई म्हणून ठेवून घेतलं. पगार आणि राहायला मागची खोली. तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो आणि तोवर एवढे उपकार माझ्यावर कुणी केले नव्हते. त्यामुळे ते कधीही परत घेतले जातील ही भीती मला सकाळी दात घासतानापासूनच असायची.

वाचनालयाचे चिटणीस म्हणजे भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना सर म्हणत. दर रविवारी सकाळी ते वरच्या हॉलमध्ये दहा-बारा जणांना तबकड्या ऐकवायचे. एकदा त्यांचा भाचा जर्मनीहून आला आणि चर्चमधल्या पाइप ऑर्गनची एक तबकडी चार दिवसांपुरती ठेवून गेला. संगीत तीनशे वर्षांपूर्वीचं. ती कॅसेटवर उतरवून घ्यायची होती, पण सरांना निजामपुऱ्यात लग्नाला जायचं होतं. काम माझ्यावर आलं. जोडायची वायर तुटलेली, म्हणून स्पीकरसमोर माइक ठेवायचा होता. जाताना सर म्हणाले, "खिडक्या बंद, पंखा बंद, आणि तू बंद."

मे महिना होता. पहिली बाजू मी घाम गाळत ऐकली. मला ऑर्गन म्हणजे नाटकवाल्यांची पायानं हवा भरायची पेटी एवढंच ठाऊक. त्यामुळे पंधरा मिनिटं मी वाट बघितली, की आता गाणारा येईल. आला नाही. दुसऱ्या बाजूला डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. चक्कर येऊन यंत्रावर पडलो तर तबकडीही जाईल आणि नोकरीही, असा विचार करून मी पंखा लावला. म्हटलं, एवढ्या गडगडाटात पंखा कोण ऐकतो? तर त्या वादकानं नेमकं तेव्हापासून एवढं हळू वाजवायला घेतलं, की जणू शेजारी कुणी आजारी आहे.

भाचा तबकडी घेऊन परत गेला. रविवारी कॅसेट लागली.

पहिल्या बाजूलाच ठिणगी पडली. आमच्यातले एक काका चाळीस वर्षं संगीत नाटकांत ऑर्गन वाजवत आले होते. ते म्हणाले, "हा एवढ्या घाईनं कुठं निघालाय? गाडी सुटतेय का याची?"

"गती बरोबर आहे काका," सर म्हणाले. "चार-चार सुरावटी एकदम चालल्यात, तरी प्रत्येक वेगळी ऐकू येते. रेकॉर्डिंग असंच पाहिजे. कोरडं, स्वच्छ."

"कोरडं म्हणजे? पापड आहे का तो?" हे बाईंचं. बाई गाणं शिकवायच्या. नवऱ्याबरोबर परदेशी राहिल्या असताना त्यांनी खऱ्या चर्चमध्ये ऑर्गन ऐकला होता, आणि ही गोष्ट त्या आम्हाला विसरू देत नसत. "दगडी भिंतींवरून सूर परत येतो. त्याची वाट बघत वाजवायचं असतं. यांनी माइक नळ्यांच्या तोंडात कोंबलेला दिसतोय."

मागच्या रांगेतल्या एका गुजराती भाईंनी नम्रपणे विचारलं, "बेन, बधुं सारुं छे, पण गावावाळा क्यारे आवशे?"

तेही गाणाऱ्याचीच वाट बघत होते. बडोद्यात इतकं जवळचं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं.

मग दुसरी बाजू. संथ, हळुवार सूर, आणि त्यांच्याखालून घुर्र-टक, घुर्र-टक.

काकांनी बोट वर केलं. "ऐकलंत? भाता!"

"काका, हा रेकॉर्डिंगचा दोष आहे."

"दोष? जन्मभर पाय मारलेत मी. हवा भरल्याशिवाय सूर निघतो? आजकालच्या लोकांना सूर पाहिजे, श्वास नको. हा माणूस प्रामाणिक आहे. भाता लपवत नाही."

"तिथं भाता विजेवर चालतो."

"मग हे टक कसलं? विजेला पाय असतात?"

मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभा होतो. सर वळून म्हणाले, "अरे, ते कप वाजवू नकोस."

सोमवारी सरांनी मला एक जाड पाकीट पोस्टात टाकायला दिलं. भाच्याला लिहिलेलं. आत सरांची इंग्रजीतली चार पानं, सदोष तबकडीबद्दल, कंपनीकडे पोचवण्यासाठी. आणि काकांचं मराठीतलं एक पान, भात्याच्या कौतुकाचं.

टपालपेटीच्या तोंडाशी मी पाकीट अर्धं आत घालून उभा राहिलो. टाकलं, तर तिकडे कुणीतरी तबकडी लावून बघणार, तिच्यात घुर्र नाही की टक नाही. सरांचं हसं होणार आणि मी रस्त्यावर. न टाकलं, तर मी चोर. मागच्या माणसानं "भाई, नाखो ने!" म्हणून ढोसलं तेव्हा मी पाकीट ओढून घेतलं आणि सरळ सरांच्या घरी गेलो.

सर हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, पेपर वाचत होते.

"सर, तो भाता नाही जी. पंखा होय."

"कुठला पंखा?"

"आपलाच. हॉलमधला. मी लावला होता."

सरांनी पाय टेकून हिंचका थांबवला. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करतो, ट्रंक भरून ठेवली आहे.

"कधी भरलीस?"

"काल. चहा झाल्यावर."

सरांनी माझ्या हातातून पाकीट घेतलं. "म्हणजे आपल्या पंख्याची तक्रार मी जर्मनीला करत होतो. चार पानं. इंग्रजीत." मग ते असे हसले, की हिंचका आपोआप चालू झाला. हसता हसता एकदम थांबले. "काकांना कोण सांगणार?"

सरांनी पाकीट फोडलं, आपली चार पानं काढून घेतली, काकांचं पान आत ठेवून पाकीट डिंकानं पुन्हा चिकटवलं. "चालशे. कौतुक कुठंही पोचलं तरी कुणी रागवत नाही. आणि ती ट्रंक उपस आधी. रविवारी साडेआठला खुर्च्या लागलेल्या पाहिजेत."

त्या रविवारी काकांच्या आग्रहानं तीच बाजू पुन्हा लागली. घुर्र-टक सुरू होताच काकांनी सरांकडे बघितलं. सरांनी घसा साफ केला. जन्मभर स्वच्छ रेकॉर्डिंगसाठी भांडलेला माणूस, पण स्पष्ट म्हणाले, "आहे काका. भाताच आहे."

मी खाली मान घालून चहा देत फिरत होतो. बाईंनी कप घेतला आणि माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "तीनवर होता की चारवर?"

मीही तितक्याच हळू म्हटलं, "तीनवर, बाई."

"तरीच," बाई म्हणाल्या. "चारवर तो फार घाई करतो."