सत्काराच्या रिकाम्या खुर्च्या

आमच्या मॅडमचा सत्कार ठरला तेव्हा सगळ्यात जास्त उड्या मीच मारल्या होत्या, आणि तो सत्कार फसतोय हे सगळ्यात आधी मलाच दिसलं.

मॅडम म्हणजे खराडीतल्या एका आयटी कंपनीच्या सिक्युरिटी प्रमुख. मी त्याच कंपनीच्या गेटवर गार्ड. हडपसरला माझ्या सासऱ्यांचं शेत होतं, तिथे आता बारा मजली इमारत आहे आणि तिच्या गेटवर दुसरंच कुणीतरी उभं असतं. चालायचंच. माझा गळा मात्र शेतातलाच राहिला. या बांधावरून त्या बांधावर ऐकू जाईल असा. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात एक गाडीवाला मला "ए बाई, गेट उघड" म्हणाला आणि मी त्याची अशी बिनपाण्याने केली, की वरच्या मजल्यावरचे लोक काम सोडून खिडकीत आले. आता हातात नारळ पडणार, असं समजून मी मॅडमच्या केबिनमध्ये मान खाली घालून उभी राहिले.

त्यांनी नारळ दिला नाही. म्हणाल्या, "रविवारी सकाळी आठला बिबवेवाडीत ये. वही आण."

घरी सांगितलं तर नवरा हसायला लागला. "गेटवर उभं ऱ्हायचं. त्यात शिकायचं काय हाय?"

काय होतं ते मला तिथे गेल्यावर कळलं. मॅडम राहत होत्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी दोन तास त्यांचा वर्ग भरायचा. कुणी दवाखान्याच्या दारावरची, कुणी मॉलमधली, कुणी कॉलेजच्या गेटवरची, अशा आम्ही सगळ्या बायाच. मॅडमनी स्वतः एका दवाखान्याच्या दारात उभं राहून सुरुवात केली होती. तेव्हा मला कुणी काही शिकवलं नाही, म्हणून तुम्हाला शिकवते, एवढंच त्या सांगायच्या. फुकट शिकवायच्या आणि उशीर झाला की विकत घेतल्यासारख्या झापायच्या.

त्या स्वतः उर्मट पाहुणा व्हायच्या. गॉगल लावून, हातात किल्ली फिरवत यायच्या आणि नाकावर नाक आणून म्हणायच्या, "मी कोण आहे माहितीये का तुला?" आपण म्हणायचं, "तेच लिहायला वही ठेवलीय, साहेब. नाव सांगा." आणि हे हळू आवाजात म्हणायचं. माझा आवाज चढला की त्या मला दाराबाहेर काढून पुन्हा आत यायला लावायच्या. एका रविवारी मी सात वेळा आत आले. आठव्या वेळी रडले, आणि रडत रडत का होईना, हळू बोलले.

दुसरा धडा हॉलचा. कुठल्याही कार्यक्रमाला गेलात की आधी दारं बघा, मग भिंतीला पाठ लावा, तोंड माणसांकडे. हा धडा आमच्या इतका अंगात मुरला, की मी भाचीच्या साखरपुड्यातही भिंतीला टेकून उभी होते आणि जाऊबाई मला "रुसलीस का गं?" म्हणून विचारून गेल्या.

मग सोसायटीचे अध्यक्ष बदलले. नवे काका पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी नोटीस लावली, की हॉल यापुढे फक्त समारंभांसाठी. आम्ही ड्युटीवरून युनिफॉर्मातच जाऊन हातापाया पडलो. आमच्यात तिघी नव्या होत्या, अजून "नाव सांगा" म्हणतानाही त्या अडखळायच्या. आणि खरं सांगते, त्या दोन तासांशिवाय माझं काय झालं असतं, या विचाराने मला धडकी भरायची. काका म्हणाले, "येत्या रविवारी बाईंचा सत्कार करायचाय ना तुम्हाला? खुशाल करा. वर्ग खरोखर भरतो का, ते मी डोळ्यांनी बघतो. मग ठरवू."

मॅडमनी निरोप धाडला, युनिफॉर्म घालून कुणी यायचं नाही, छान साड्या नेसून या. आम्ही नेसलो. हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, स्टेजवर मॅडम, काका आणि सोसायटीचे सेक्रेटरी. मी स्टेजशेजारच्या दारात उभी होते. काका खाली वाकून मला म्हणाले, "अहो, चहाचं बघा जरा. किती वेळ?"

मी चहावाली नाही, असं मी सांगायच्या आत ते सेक्रेटरींकडे वळले. "बघितलंत? चार टाळकी. तीही आपल्याच सोसायटीतली. याला वर्ग म्हणतात."

मी समोर बघितलं. खुर्च्या रिकाम्या होत्या. पुढे चार म्हातारे आजोबा, बस्स. आणि आमच्या सगळ्या बाया भिंतीला पाठ लावून उभ्या! समोरच्या दोन्ही दारांत दोघी-दोघी, जिन्यावर एक, विजेच्या बटणांपाशी एक, बाहेर पार्किंगमध्ये दोघी स्कूटर नीट लावून घेत होत्या. बसायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नाही.

काका माइकपाशी गेले. आता हे सगळ्यांसमोर बोलणार आणि हॉल जाणार. माझा शेतातला गळा पुन्हा उसळून वर येत होता. मी स्टेजवर चढले, त्यांच्याजवळ गेले आणि अगदी हळू म्हणाले, "काका, एक मिनिट देता का?" ते गांगरून बाजूला झाले.

"मॅडमच्या वर्गातल्या बायांनी हात वर करा," मी माइकवर म्हणाले. "जागा सोडू नका. आहात तिथूनच."

भिंतीभिंतीने हात वर झाले. दारांतून, जिन्यावरून. खिडकीबाहेर पार्किंगमधले दोन हात बांगड्यांसकट वर आले. शेवटी मीही केला.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अस्सं," म्हणाले. "रविवारी जाताना पंखे बंद करत जा. मागच्या वेळी दोन चालू होते."

टाळ्या वाजवायला आम्ही हात खाली घेतले, तर मॅडम खांद्यावरच्या नव्या शालीसकट स्टेजवरून उतरल्या. सरळ मोठ्या दारापाशी गेल्या. तिथल्या दोघींना त्यांनी खांद्याला धरून खुर्च्यांकडे वळवलं, स्वतः भिंतीला पाठ लावली आणि तोंड आमच्याकडे केलं.

"बसा गं सगळ्या," त्या म्हणाल्या. "आज दार मी बघते."

आधी कुणी हललंच नाही. मग एकेक करत साऱ्या बसलो. मी दुसऱ्या रांगेत बसले, पाठ टेकली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मागे वळून दाराकडे बघितलं नाही.