डावीकडची लेन

माझ्या आईने टोल द्यायला नकार दिला, तेव्हा खिडकीतून हात पुढे करून टोल मागणारी मीच होते. लोक हे ऐकून हसतात. त्या दिवशी आम्हा दोघींपैकी कुणीच हसलं नव्हतं.

आमचं गाव कळव्याच्या पलीकडे, खाडीला लागून. कोळ्यांची साठ-सत्तर घरं. नव्वदीच्या सुरुवातीला तिथून नवा रस्ता निघाला, खाडीवर पूल झाला, आणि मोजणीवाल्यांनी खुणेचे दगड नेमके आमच्या खळ्यात रोवले. खळं म्हणजे मासळी सुकवायची मोकळी जागा. गावाची ती जवळजवळ सगळीच गेली. भरपाई मिळाली, ती घराच्या छपरात आणि बाबांच्या आजारपणात संपली. पण देवळासमोरच्या सभेत साहेबलोकांनी आणखी एक शब्द दिलेला. टोलनाका बसेल, जाताना तीन लेन असतील, त्यातली अगदी डावीकडची गाववाल्यांची. त्यांना पैसे पडणार नाहीत.

आई पुढेच बसलेली. उठून म्हणाली, "कवापर्यंत?"

"कायमचं, मावशी."

लिहून मात्र कुणी दिलं नाही.

नाका सुरू झाला तेव्हा मी बी.कॉम. होऊन वर्षभर घरी बसले होते. ठेकेदाराने आसपासच्या गावांतली पाच माणसं घेतली, त्यात मी. मला थेट खिडकीत बसवलं, मधल्या लेनवर, दिवसपाळीला. मॅनेजरने कारणही लपवलं नाही. "बाई बसवली की लोक शिव्या कमी देतात," तो म्हणाला. हे खरं नव्हतं. लोक शिव्या द्यायचेच, फक्त नंतर 'सॉरी मॅडम' म्हणायचे.

आईला नोकरीचं सांगितलं तेव्हा ती चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "बस तू तिथं. पगार घे. पन माज्याकडं पैसं मागलंस तर बघ."

"तुझ्याकडे कशाला मागेन? तुमची लेन वेगळी आहे."

आई आणि गावातल्या आणखी चार बाया मिळून एक टेम्पो भाड्याने घ्यायच्या. खाडी तोवर कारखान्यांच्या पाण्याने मरत आलेली. निवट्या, चिंबोऱ्या, थोडी कोळंबी एवढंच हाती लागायचं. बाकीचा माल पहाटे मुंबईच्या धक्क्यावरून यायचा. तो घेऊन त्या नऊच्या सुमाराला नाका ओलांडायच्या आणि वर्तकनगरच्या कॉलन्यांमधून दारोदार विकायच्या. तिथे आईची ठरलेली घरं होती.

ही फुकट लेन हीच नाक्याची डोकेदुखी झाली. महिनाभरात अख्खं जग आमच्या गावचं झालं. नाशिकहून कांदा घेऊन आलेला ट्रकवालाही डावीकडे घुसायचा आणि "लोकल, लोकल" ओरडायचा. कुणी नगरसेवकाचा मेव्हणा, कुणी पत्रकार, कुणाच्या काचेवर नुसतंच 'पोलीस' लिहिलेलं. डावीकडे ही रांग, आणि पैसे भरणाऱ्या दोन लेन मोकळ्या. ठेकेदार रोज फोनवर मॅनेजरला झापायचा. मग मॅनेजरने रेशनकार्ड दाखवा म्हटलं. मग पास काढला, फोटो लावलेला, दर सहा महिन्यांनी नवा करायचा.

गावातल्या बऱ्याच जणांनी तो घेतला. आईने फॉर्म हातातही धरला नाही. "खलं गेलं तवा माजा फोटो नाय मागलात," ती म्हणाली. तिचं बघून टेम्पोतल्या बाकीच्या चौघीही अडून बसल्या आणि पासाशिवायच जात राहिल्या.

आणि एका सकाळी मी कामावर गेले, तर डाव्या लेनच्या तोंडाशी लाल-पांढरे ड्रम मांडलेले. वर पाटी: 'दुरुस्तीसाठी बंद.'

पाळी संपताना प्रत्येकाला एक रजिस्टर भरावं लागे. त्यात लेनच्या स्थितीचा रकाना होता. पहिल्या दिवशी मॅनेजरने मला सांगितलं, "डाव्या लेनपुढे 'दुरुस्ती चालू' असं लिहा." मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याला सांगावं लागलं नाही. अकरा दिवस मी माझ्या अक्षरात ते लिहिलं. त्या अकरा दिवसांत तिथे ना डांबर आलं, ना कामगार, ना साधं घमेलं. ते मला माझ्या खुर्चीवरून दिसत होतं.

बाया ते अकरा दिवस जुन्या रस्त्याने गेल्या. तिथे ट्रॅफिकमध्ये तास-दीड तास जायचा, बर्फाचं पाणी व्हायचं, आणि वर्तकनगरला पोचेपर्यंत लोकांच्या घरी वरण-भाताचा कुकर लागलेला असायचा. आई संध्याकाळी उरलेल्या मालाची टोपली माझ्यासमोर आपटायची.

बाराव्या दिवशी टेम्पो माझ्या लेनमध्ये आला.

आई ड्रायव्हरशेजारी बसलेली. मी खिडकीतून बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं. मागे गाड्या लागलेल्या. मला सुचलं ते मी बोलले. "आये, आजच्या दिवस पावती घे ना. मागे लोक आहेत."

"नाय देनार."

ड्रायव्हरने खिशात हात घातला. आईने टेम्पोची चावी फिरवली, काढली आणि पोलक्यात टाकली. मग खाली उतरली आणि लेनच्या आडव्या दांड्यासमोर, रस्त्यावरच बसली. मागच्या चौघीही उतरल्या.

हॉर्न सुरू झाले. मॅनेजर धावत आला. आधी त्याने हात जोडले. "मावशी, उठा. तुमचे पैसे मी भरतो माझ्या खिशातून."

"तुज्या पैशानं माजा रस्ता इकत घेतोस? मना नको."

मागच्या फियाटमधून एक गृहस्थ उतरले, सफारी घातलेले. "अहो बाई, आम्ही सगळे भरतोच ना? तुम्हीच काय वेगळ्या?"

"तुमी भरता," आई म्हणाली, "कवा संपनार ते इचारलंत का कोनाला? मी इचारलं होतं."

ते परत गाडीत जाऊन बसले.

अर्ध्या तासाने आई उठली. मला वाटलं, थकली. पण तिने टेम्पोतली टोपली खाली ओढली, फडकं बाजूला केलं आणि खणखणीत आवाज दिला, "कोलंबी, पापलेट, चिंबोरी! बर्फ माज्यासाठी थांबनार नाय!" आणि लोकांनी घेतली. खरंच घेतली. अडकलेले स्कूटरवाले, एक कंपनीची बस होती तिच्यातली माणसं. वर्तकनगरचे एक पेन्शनर काका रिक्षात होते, ते आईचं नेहमीचं गिऱ्हाईक. पिशवी पुढे करून म्हणाले, "आज इथेच भेट झाली, बरं झालं." टोलच्या लेनमध्ये बाजार भरला, आणि मी काचेच्या आत पावत्यांचं पुस्तक धरून बसलेली.

मग फौजदार आले, सोबत दोन हवालदार. मॅनेजरने तक्रार टाईप करून तयार ठेवली होती. रहदारीला अडथळा, सरकारी कामात अडथळा. खाली लेनवरच्या कर्मचाऱ्याची सही हवी होती. म्हणजे माझी.

"मॅडम, इथे करा," तो म्हणाला आणि पेन दिलं.

मी वाचलं. त्यात एक वाक्य होतं: 'पर्यायी मोफत लेनची दुरुस्ती सुरू असल्याने...' ते वाचलं आणि मला माझंच अक्षर दिसलं. मी केबिनचं दार उघडून बाहेर आले.

"साहेब, दुरुस्ती वगैरे काही नाहीये," मी फौजदारांना म्हणाले. "बारा दिवसांत तिथे माणूस फिरकलेला नाही. रजिस्टरमध्ये रोज मीच खोटं लिहिते. हवं तर बघा."

मॅनेजर पांढरा पडला. "अहो मॅडम, काय बोलताय?"

"खरं बोलतेय."

फौजदार ड्रमांपर्यंत चालत गेले. एकाला बुटाने ढकललं. रिकामा होता, गडगडत गेला. मागची लेन गुळगुळीत, नुसती धूळ साचलेली. ते मॅनेजरला म्हणाले, "हे बाजूला घ्या आधी." मग हवालदारांना म्हणाले, "आणि बायांना घ्या गाडीत."

"बायांना कशाला?" मी विचारलं.

"रस्ता अडवला ना त्यांनी?"

"मग मलाही घ्या," मी म्हणाले, आणि पोलिसांच्या गाडीत आईशेजारी जाऊन बसले.

आम्हाला दुपारी तीनपर्यंत चौकीत बसवून ठेवलं. उरलेला माल खराब झाला. घरी आल्यावर आई हातपाय धुऊन ओटीवर बसली आणि मग म्हणाली, "अकरा दिवस का लिवत व्हतीस गो?"

मला वाटलेलं, ती पाठीवर हात ठेवेल. मी म्हणाले, "पगारासाठी."

"मंग तसं सांग. नोकरी जाईल म्हनून भ्यायले, सांग. आमी पन भेतो. पन नसलेलं काम कागदावर चालू नको दाखवू."

नोकरी दुसऱ्या दिवशी गेलीच. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. हिशेब देताना म्हणाला, "मलाही दोन मुली आहेत, मॅडम. वरून सांगतात, आम्ही करतो." मी म्हटलं, "मीही तेच करत होते." मी ते केलं याचा राग मात्र आजही गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

डावी लेन त्या दिवशी उघडली ती पुन्हा बंद झाली नाही. बंद करायचे प्रयत्न झाले. वर्षभराने त्यांनी तिथे दोन्ही बाजूंना काँक्रीटचे ठोकळे ठेवले, इतके जवळ की टेम्पोचे आरसे आत दुमडावे लागत. मधे ढिली पडलेली पासची सक्तीही परत आणली. तेव्हा गावाने कलेक्टरकडे तक्रार केली आणि झाडून सगळी माणसं सुनावणीला गेली, ज्यांच्याकडे पास होते तीसुद्धा. मला तोवर डोंबिवलीत एका शाळेच्या ऑफिसात काम मिळालं होतं. मी रजा टाकून गेले आणि साहेबांसमोर पुन्हा तेच सांगितलं. सक्ती मागे घेतली. ठोकळे तसेच राहिले.

आई पुढेही कित्येक वर्षं नऊच्या सुमाराला तिथून जायची. नाक्यावर नवीन पोरं लागायची, त्यांना काही माहीत नसायचं. ती पोरं हात आडवा करून विचारायची, "मावशी, पास?" आई टोपलीवरचं फडकं उचलून त्यांना आतला माल दाखवायची आणि ड्रायव्हरला म्हणायची, "चल रं."